पासफ्रेज ठेवायची, पण टाकायची किती वेळा?

आमच्या ऑफिसातल्या सगळ्या एसएसएच कीजना पासफ्रेज लावायचं काम माझ्याकडं आलं ते एका प्रश्नावलीमुळं. एसएसएच की म्हणजे पासवर्डऐवजी सर्व्हरवर किंवा कोडच्या साठ्यात (रिपॉझिटरीत) शिरायची किल्ली: प्रायव्हेट की आपल्या मशीनवर राहते, तिची जोडीदार पब्लिक की पलीकडं ठेवतात. पासफ्रेज म्हणजे प्रायव्हेट कीची फाइल कुलूपबंद करणारा लांब पासवर्ड. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत बसून फाउंड्र्यांसाठी सॉफ्टवेअर करतो: हीट रजिस्टर, कास्टिंगचं रिजेक्शन, डिस्पॅच, असलं सगळं. गोकुळ शिरगावच्या एका क्लायंटचा माल परदेशात जातो आणि तिकडचे खरेदीदार हल्ली कास्टिंगच्या रिपोर्टबरोबर आयटीचीही चौकशी करतात. त्यात एक ओळ होती: सोर्स कोडपर्यंत पोचणाऱ्या प्रायव्हेट कीज डेव्हलपरच्या मशीनवर एन्क्रिप्ट केलेल्या आहेत का? क्लायंटनं प्रश्नावली आमच्याकडं ढकलली, सरांनी माझ्याकडं.

उत्तर लिहायच्या आधी एकेका मशीनवर बसून बघितलं. कीला पासफ्रेज आहे का, हे तपासायची साधी युक्ती आहे. एसएसएच-कीजेन या कीज बनवणाऱ्या प्रोग्रॅमला ‘वाय’ हा पर्याय द्यायचा आणि ‘एफ’नं प्रायव्हेट कीची फाइल दाखवायची. त्या फाइलीवरून तो पब्लिक की काढून छापतो. काही न विचारता छापली, तर फाइल उघडी. आमच्याकडं जवळजवळ सगळ्या उघड्याच निघाल्या. की तयार करताना फाइल कुठं ठेवू, पासफ्रेज काय, पुन्हा टाका असे प्रश्न येतात, आणि कॉलेजपासून सगळ्यांच्या बोटांना तिथं एंटर मारायची सवय असते.

सरांना समजावताना मी हॅकर वगैरे शब्द काढलेच नाहीत. मशीन बदलताना आपली पोरं अख्खं यूझर फोल्डर पेनड्राइव्हवर घेतात, त्यात कीज असलेलं डॉट एसएसएच फोल्डरही जातं, आणि पुढं तोच पेनड्राइव्ह पिक्चर द्यायला-घ्यायला फिरतो, एवढंच सांगितलं. ते पुरलं.

पहिली भीती अशी होती की आता सगळ्यांना नव्या कीज कराव्या लागणार, गिटहबवर, म्हणजे आमचा कोड जिथं असतो त्या साइटवर, जाऊन जुन्या काढून नव्या चढवाव्या लागणार. तसं नाही. एसएसएच-कीजेनला ‘पी’ पर्याय दिला की तो आहे त्याच कीची पासफ्रेज बदलतो. आधी नसेल तर नवी लावतो. पब्लिक की तीच राहते, गिटहबला किंवा सर्व्हरला याचा पत्ताही लागत नाही. लागणार तरी कसा? पासफ्रेज कधी तारेवरून जातच नाही. ती फक्त आपल्या डिस्कवरची फाइल उघडायच्या कामाची.

पण यात एक मेख आहे, आणि ती मला बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाची वाटते. आज लावलेली पासफ्रेज आजच्या फाइलीला लागते. गेल्या वर्षी पेनड्राइव्हवर गेलेली प्रत तशीच उघडी राहते आणि तिच्यानं दार उघडतंच. म्हणून ज्याची की कधीतरी कुठं कॉपी झाली असण्याची शक्यता होती, त्याला सरळ नवी करायला लावली आणि जुनी पब्लिक की गिटहबवरून काढली. नवी करताना ईडी२५५१९ प्रकारची. तिची पब्लिक की एका ओळीत मावते, व्हॉट्सॲपवर पाठवताना तुटत नाही. पब्लिक की पाठवायला हरकत नसते; प्रायव्हेट कीही लोक पाठवतात, तो विषय वेगळा.

ज्यांच्या आरएसए प्रकारच्या जुन्या कीज ठेवल्या, त्यांच्या फाइलीची पहिली ओळ मी वाचून बघत होते. ‘बिगिन आरएसए प्रायव्हेट की’ असं असेल तर ती जुन्या पद्धतीची फाइल. तिच्यात पासफ्रेजपासून एन्क्रिप्शनची की बनवताना एमडी५ हे झटपट होणारं गणित फक्त एकदा फिरवलेलं असतं, म्हणजे फाइल हाती लागली तर चोराला पासफ्रेजचे अंदाज भराभर लावून बघता येतात. ‘बिगिन ओपनएसएसएच प्रायव्हेट की’ असं असेल तर नवी पद्धत. ती बीक्रिप्ट वापरते आणि मुद्दाम संथ असते. ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रचलित प्रोग्रॅमनं २०१८ मध्ये ७.८ आवृत्तीपासून ही नवी पद्धत आपणहून लागू केली. त्यामुळं अलीकडच्या आवृत्तीत ‘पी’ चालवलं की पासफ्रेज लागता लागता फाइलही नव्या पद्धतीत लिहिली जाते. आमच्यातल्या एकाची की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातली होती, तिचं असं नकळत भलं झालं.

पासफ्रेज काय ठेवायची, यावर चहा होईपर्यंत चर्चा चालली. चार-पाच असंबद्ध शब्द एकामागं एक, असं मी सुचवलं. रंकाळा, तांबडा, पांढरा आणि महालक्ष्मी सोडून, कारण कोल्हापुरात कुणीही पहिल्यांदा तेच टाकून बघेल. आमच्याकडं गडहिंग्लजचा एक पोरगा आहे. त्याला पासफ्रेज देवनागरीत टाकायची होती. “ताई, भाईर कुणाला टाइपच करता येणार नाही,” म्हणाला. कल्पना वाईट नव्हती, पण मी थांबवलं. एसएसएचला अक्षरं दिसत नाहीत, अक्षरांमागचे बाइट्स दिसतात. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एका चिन्हानंही लिहिता येतं आणि ‘र’खाली नुक्ता देऊनही. डोळ्याला सारखंच, बाइट्स निराळे. एका मशीनवरचा कीबोर्ड एक प्रकार उमटवणार, दुसऱ्यावरचा दुसरा. त्यात पासफ्रेज टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही, त्यामुळं चूक कुठं होतीय तेही कळणार नाही. शेवटी त्यानं मराठीच शब्द घेतले, पण रोमन लिपीत.

सरांची सूचना निराळी. “अगं, सगळ्यांना एकच पासफ्रेज दे की. एक्सेलला लिहून ठेवू. उद्या कोण सुट्टीवर गेलं तर?”

“सर, एकाची की दुसऱ्यानं वापरायचीच नाही. रिपॉझिटरीला ॲक्सेस ज्याचा त्याचा असतो. कोण सुट्टीवर गेलं तर दुसरा आपल्या कीनं पुश करतो. कोण सोडून गेलं तर त्याला गिटहबवरच्या आपल्या ऑर्गनायझेशनमधून काढायचं.”

“आणि विसरला कोण तर?”

“तर नवी की. पाच मिनिटांचं काम.”

हे त्यांना पटलं. विसरलेली पासफ्रेज परत मिळवायची सोय नाही आणि नसावीच. एक जण खरंच जोडून सुट्टी काढून आला आणि सगळं धुऊन गेलेलं. गिटहबवरून त्याची जुनी पब्लिक की काढली, नवी करून चढवली, कामाला लागला. पासफ्रेज पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा, एवढं मात्र त्यानंतर सगळ्यांनी ऐकलं.

खरी कटकट इथून पुढं. आमचे बहुतेक लोक व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर वापरतात, आणि पुश-पुल (कोड गिटहबवर चढवणं-उतरवणं) टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, न करता डावीकडच्या सोर्स कंट्रोल पॅनेलमधून करतात. पासफ्रेज लावल्याबरोबर टर्मिनलवाल्यांना दर पुशला ती विचारली जाऊ लागली, म्हणजे निदान काम तरी होत होतं. पॅनेलवाल्यांचं कुणाचं नुसतं चक्र फिरत राहिलं, तर कुणाला ‘परमिशन डिनाइड, पब्लिककी’ असा लाल संदेश आला. ज्यांच्याकडं नवी आवृत्ती होती त्यांना वरच्या बाजूला पासफ्रेजची चौकट आली, पण तीही पुशला एकदा, पुलला एकदा, सिंकला पुन्हा. “भावा, ह्ये काय दर टायमाला विचारालंय,” असा आवाज खोलीभर सुरू झाला. दुपारपर्यंत दोघांनी ‘पी’ पर्याय उलटा वापरून पासफ्रेज काढून टाकायची तयारी केलेली.

त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. व्हीएस कोडच्या मदतीच्या पानावरच मी असं वाचलेलं आहे की बिनपासफ्रेजच्या कीबरोबर काम सर्वांत सोपं जातं, आणि पासफ्रेज असेल तर एडिटर गिट बॅशमधून, म्हणजे गिटबरोबर येणाऱ्या टर्मिनलमधून, उघडा. एडिटर बनवणारेच असं म्हणत असतील तर इचलकरंजीहून रोज एसटीनं येणारी पोरगी कशाला नाही म्हणेल?

पॅनेलमध्ये नेमकं काय घडतं ते असं. व्हीएस कोडमध्ये स्वतःचं गिट (कोडचे बदल नोंदवणारा, पुश-पुल करणारा प्रोग्रॅम) नाही. तो मशीनवरचं गिट चालवतो, गिट एसएसएच चालवतं, आणि एसएसएच की उघडायला जातं. पासफ्रेज हवी असली की एसएसएच टर्मिनलला विचारतं. पॅनेलमधून सुरू झालेल्या या साखळीच्या मागं टर्मिनलच नसतं. मग एसएसएच ‘एसएसएच आस्कपास’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रॅमला सुरू होताना मिळणाऱ्या सेटिंगमध्ये) कुणी प्रश्न विचारणारा प्रोग्रॅम नेमून दिलाय का ते बघतं. नव्या व्हीएस कोडची ती वरची चौकट याच वाटेनं येते. कुणीच नेमलेला नसेल तर ती की बाजूला पडते आणि सर्व्हर म्हणतो, परमिशन डिनाइड.

म्हणजे चौकट आणणं हा उपाय नव्हे. शिवाय ऑटोफेच चालू केलेलं असलं तर एडिटर मूळ सेटिंगप्रमाणं दर १८० सेकंदांनी मागच्या मागं फेच करत, म्हणजे गिटहबवर नवं काय आलं ते आणत, असतो. तिथं पासफ्रेज टाकायला कोण बसणार? इथं लागतो एसएसएच-एजंट. गुजरीतल्या सराफाच्या पेढीवर सकाळी मालक एकदा तिजोरी उघडतो आणि दिवसभर तिथंच बसून व्यवहार करतो, किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. एजंटचं तसंच आहे. एकदा पासफ्रेज दिली की तो उघडलेली की स्वतःपाशी ठेवतो. एसएसएच त्याच्याकडं की मागत नाही, त्या जोडणीपुरती सही करून मागतं. की एजंटच्या बाहेर जात नाही.

पण विंडोजवर एजंट सुरूच नव्हता. विंडोज १० पासून ओपनएसएसएच विंडोजबरोबरच येतं, त्यात एजंटची सर्व्हिसही असते, पण बंद करून ठेवलेली. सर्व्हिसेसच्या यादीत ‘ओपनएसएसएच ऑथेंटिकेशन एजंट’ शोधायचं, स्टार्टअप टाइप ‘ऑटोमॅटिक’ करायचा आणि सुरू करायचं. ॲडमिनचे हक्क लागतात. मग साध्या पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या टर्मिनलमध्ये) एसएसएच-ॲड ही आज्ञा, पासफ्रेज एकदा, ‘आयडेंटिटी ॲडेड’. एसएसएच-ॲडला छोटा ‘एल’ दिला की एजंटकडं काय काय आहे त्याची यादी येते. यादीत की दिसली. सगळे खूश.

पॅनेलमधून पुश केलं. पुन्हा पासफ्रेज.

हा भाग मी सविस्तर लिहितेय, कारण विंडोजवर बहुतेक लोक इथंच हात टेकतात. पॉवरशेलमधून थेट गिटहबला एसएसएच करून बघितलं, तर पासफ्रेज न विचारता माझ्या नावानं नमस्कार आला. म्हणजे एजंट चालू आहे, की बरोबर आहे, गिटहबला ती मान्य आहे. फक्त गिटमधून गेलं की अडतंय. मग ‘गिट ट्रेस’ हे व्हेरिएबल १ करून फेच चालवलं आणि गिटला एसएसएच ‘व्ही’ पर्यायासह चालवायला सांगितलं, म्हणजे ते काय काय करतंय ते बोलत राहतं. त्या बडबडीत आवृत्तीची ओळ असते, आणि गिटच्या एसएसएचची आवृत्ती पॉवरशेलमधल्यापेक्षा वेगळी होती. मशीनवर एसएसएच दोन होती. एक विंडोजचं, सिस्टम३२ मधल्या ओपनएसएसएच फोल्डरात. दुसरं गिट फॉर विंडोजनं स्वतःबरोबर आणलेलं, गिटच्याच फोल्डरात आत युएसआर, त्यात बिन. गिट आपलं घरचं एसएसएच वापरतं. ते युनिक्सच्या रीतीनं एजंटचं सॉकेट, म्हणजे त्याच्याशी बोलायची जागा, शोधतं, आणि विंडोजचा एजंट बसलेला असतो विंडोजच्या नेम्ड पाइपवर. एकाच मशीनवर दोघं, एकमेकांची ओळख नाही.

उपाय एका ओळीचा निघाला. गिटच्या ग्लोबल कॉन्फिगमध्ये ‘कोअर डॉट एसएसएचकमांड’ला विंडोजच्या एसएसएच डॉट ईएक्सईचा पूर्ण पत्ता द्यायचा. पत्त्यात विंडोजच्या उलट्या तिरप्या रेघांऐवजी सुलट्या रेघा टाकायच्या, नाहीतर गिट त्या गिळून टाकतं. गिट नव्यानं टाकताना इन्स्टॉलर हे विचारतोही: बरोबर आलेलं ओपनएसएसएच वापरू की बाहेरचं? तिथं आम्ही सगळ्यांनीच डोळे झाकून ‘नेक्स्ट’ केलेलं. ओळ टाकली, एडिटर बंद करून उघडला, आणि पॅनेलमधून पुश बिनबोभाट गेलं.

विंडोजच्या एजंटची एक खासियत आहे. त्याला दिलेली की तो नुसती मेमरीत ठेवत नाही. त्या यूझरच्या लॉगिनशी बांधून, एन्क्रिप्ट करून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात, ठेवतो. पावसात आमच्या गल्लीत लाईट जाते, यूपीएस दहा मिनिटं ओढतो, मशीन बंद पडतात. परत सुरू केल्यावर एसएसएच-ॲड करायला लागत नाही. सोय मोठी. पण याचा अर्थ असाही की आता कुलूप आहे ते विंडोजच्या लॉगिनचं. ज्यांचा लॉगिन पिन सहज ओळखता येण्यासारखा होता त्यांचे पिन त्याच दिवशी बदलून घेतले, आणि जेवायला उठताना विंडोज आणि एल दाबायची सवय लावायला सांगितलं. लागली का? काहींना.

उबंटूच्या मशीनवर अडचण उलटी, एजंट फार झालेले. कुणीतरी कधीतरी बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना चालणाऱ्या फाइलीत) एजंट सुरू करायची ओळ टाकून ठेवलेली. त्यामुळं प्रत्येक नवं टर्मिनल आपला नवा, रिकामा एजंट घेऊन जन्माला यायचं. एका टर्मिनलमध्ये की चढवायची, तिथूनच ‘कोड’ लिहून एडिटर उघडला तर पॅनेल चालायचं. आयकॉनवर क्लिक करून उघडला तर त्याच्या वाट्याला येणारा एजंट भलताच. कुठला प्रोग्रॅम कुठल्या एजंटकडं जाणार हे ‘एसएसएच ऑथ सॉक’ या एका व्हेरिएबलवर ठरतं, आणि ते ज्यानं प्रोग्रॅम सुरू केला त्याच्याकडून वारशानं येतं. ती ओळ काढली, डेस्कटॉपचा स्वतःचा कीरिंग (किल्ल्या सांभाळणारा प्रोग्रॅम) असतो त्यालाच एजंटचं काम करू दिलं, आणि डॉट एसएसएचमधल्या कॉन्फिग फाइलीत ‘ॲडकीजटूएजंट येस’ लिहिलं. मग पहिल्या वापराला पासफ्रेज विचारली की की आपोआप एजंटकडं जाते.

मॅक एकच आहे आमच्याकडं. तिथं हीच ओळ आणि जोडीला ‘यूजकीचेन येस’. झालं.

गडहिंग्लजच्या पोराचं सगळं चालू झालं आणि तासाभरात तो परत आला. ऑफिसच्या रिपॉझिटरीला पुश केलं तर ‘रिपॉझिटरी नॉट फाउंड’. त्याची एक घरची फ्रीलान्सची की होती आणि एक ऑफिसची. दोन्ही एजंटमध्ये चढलेल्या. एजंट एकेक की पुढं करतो आणि गिटहब ओळखीची वाटलेली पहिली की घेतं. पहिली पडली घरची. त्या खात्याला आमची प्रायव्हेट रिपॉझिटरी दिसत नाही, आणि दिसत नसलेल्या रिपॉझिटरीला गिटहब ‘हक्क नाही’ असं न म्हणता ‘सापडली नाही’ म्हणतं. थेट एसएसएच करून बघितल्यावर नमस्कार त्याच्या घरच्या खात्याच्या नावानं आला, तेव्हा उलगडलं. कॉन्फिगमध्ये गिटहबसाठी दोन वेगळी होस्ट नावं केली, प्रत्येकाला आपापली आयडेंटिटी फाइल दिली, खाली ‘आयडेंटिटीजओन्ली येस’ लिहिलं, म्हणजे नेमलेलीच की पुढं जाते, आणि ऑफिसच्या रिमोटच्या (पुश जिथं जातं त्या रिपॉझिटरीच्या) पत्त्यात ऑफिसचं होस्ट नाव टाकलं.

मधेच एकानं विचारलं, एवढं सगळं करण्यापेक्षा एसएसएच सोडून एचटीटीपीएसनं, म्हणजे वेबसाइटच्या वाटेनं, गिटहबला का जोडू नये? प्रश्न रास्त आहे. गिटहबनं १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटसाठी खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलं, पण गिट फॉर विंडोजबरोबर येणारा क्रेडेन्शियल मॅनेजर ब्राउझर उघडून लॉगिन करून देतो आणि पुढं टोकन (पासवर्डऐवजी चालणारा परवाना) स्वतः सांभाळतो. नुसत्या विंडोजवर, नुसत्या गिटहबसाठी काम असेल तर मी आज नव्या माणसाला तेच सांगेन. आम्हाला क्लायंटच्या लिनक्स सर्व्हरवर एसएसएचनं जावंच लागतं, त्यामुळं कीज सांभाळणं सुटत नाही.

सर्व्हरवरच्या कीज मात्र मी बिनपासफ्रेजच्या ठेवल्या आणि प्रश्नावलीत तसं लिहिलं. रात्री दोनला क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा प्रोग्रॅम) चालतो तेव्हा पासफ्रेज टाकायला कुणी नसतं, आणि ती स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवणं म्हणजे न लावल्यासारखंच. त्याऐवजी गिटहबची डेप्लॉय की वापरली: एकाच रिपॉझिटरीपुरती, फक्त वाचण्याची मुभा असलेली. चोरीला गेली तर त्या एका रिपॉझिटरीचा कोड जाईल, पण कुणाला तिच्यातून काही आत ढकलता येणार नाही.

आता अडलंय ते रिमोट एसएसएचवर. आमचे दोघे-तिघे व्हीएस कोडमधून थेट सर्व्हरचं फोल्डर उघडून काम करतात, आणि तिथून पुश करायचं तर आपल्या मशीनवरचा एजंट सर्व्हरपर्यंत पोचवावा लागतो. ‘फॉरवर्डएजंट येस’ लिहिलं की पोचतो. गडहिंग्लजच्या पोराला ते होस्टपुढं तारांकन टाकून सगळ्याच सर्व्हरला लावायचं होतं. मी नको म्हटलं. आपण जोडलेले असेपर्यंत त्या सर्व्हरवर ज्याच्याकडं रूटचे, म्हणजे सर्व्हरवरचे सगळे, हक्क आहेत तो आपल्या एजंटकडून सह्या करून घेऊ शकतो. की त्याच्या हाती लागत नाही, पण तेवढ्या वेळात आपल्या नावानं पुश होऊ शकतं. क्लायंटच्या सर्व्हरवर रूट कोणाकोणाकडं आहे ते क्लायंटलाच नीट ठाऊक नसतं. म्हणून फक्त आमच्या टेस्ट सर्व्हरपुरतं चालू केलं.

“मग क्लायंटच्या सर्व्हरवर फिक्स मारला तर पुश कुठनं करायचं ताई?”

“तिथं फिक्स मारायचाच नाही. इथं मारायचा, पुश करायचं, तिथं पुल.”

“आणि क्लायंट फोनवर असला तर?”

त्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.